गाडीवर सोडायला आलेलं गाव

पांगरखोरी हॉल्टवरून कोणाला गाडीनं बाहेरगावी जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी एक काम करावं लागतं. रुख्मिणीबाईंच्या कानावर घालावं लागतं. तसा नियम रेल्वेनं केलेला नाही, ग्रामपंचायतीनंही नाही. पण मागं एकदा शाळेतले एक गुरुजी कोणाला न सांगता अकोल्याला डोळे तपासायला गेले, तर बाईंनी थेट पोळ्यापर्यंत त्यांच्याशी बोलणं टाकलं. गुरुजींना नवा चष्मा लागला होता, आणि त्यातून त्यांना गावात पहिली दिसली ती बाईंची फिरवलेली पाठ.

एकदा कळवलं की पुढचं सगळं बाई पाहतात. जाणारा घरून निघतो तेव्हा त्या चपला घालून त्याच्या दारात उभ्याच असतात. हातात फडक्यात बांधलेली शिदोरी असते, पोळ्या, झुणका आणि मिरचीचा ठेचा. माणूस वाशीमला निघालेला असला, म्हणजे शिदोरीची गाठ सोडेपर्यंत उतरायची वेळ येणार असली, तरी शिदोरी चुकत नाही. मग सूचना. खिडकीतून हात बाहेर काढू नको, अनोळखी माणसानं दिलेलं खाऊ नको, पोचल्यावर फोन कर. आणि शेवटी रडणं. त्याचंही माप ठरलेलं आहे. वाशीमच्या माणसासाठी पदराचं टोक नुसतं डोळ्याला लावायचं. हिंगोली-नांदेडला जाणाऱ्यासाठी एकदा नाक ओढायचं. पुण्याकडे कामाला निघालेल्या पोरांसाठी मात्र मोकळ्या गळ्यानं, आजूबाजूचं भान न ठेवता.

या कामात त्यांना तोड फक्त एकाच बाईची, तांड्यावरच्या सुंदरबाईची. बंजाऱ्यांचा हा तांडा गावाला लागूनच आहे. तिथं लेक सासरी निघाली की बाया ढावलो म्हणत, सुरात रडतात. सुंदरबाईनं तो सूर रेल्वेलाही लावला. असलं रडणं आपल्याला जमत नाही, ही रुख्मिणीबाईंची जुनी खंत. एकदा त्यांनी घरी करून पाहिलं, तर त्यांचे यजमान रामराव गोठ्यातून धावत आले आणि म्हशीला काय झालं म्हणून विचारू लागले.

आता बाई निघाल्या म्हटल्यावर जावा निघणार, जावा निघाल्या तर शेजारीण मागं राहिलेली बरी दिसत नाही, आणि गावकरी गेले तर तांड्यानं काय पाप केलं आहे? असं करत करत जाणारा एक आणि सोडायला आलेलं अर्धं गाव, हे पांगरखोरी हॉल्टचं रोजचं चित्र होऊन बसलं.

खरं सांगायचं तर या चालीला सुरुवात गरजेपोटी झाली. मीटरगेजची गाडी होती तेव्हा हॉल्ट म्हणजे रुळाकाठचा मुरमाचा ढीग, एक पाटी आणि टिनाची खोली. खोलीत तिकीट विकणारा कमी आणि शेळ्या जास्त वेळ बसत. फलाट नव्हताच. डब्याची पायरी इतकी उंच, की म्हाताऱ्या माणसाला चढवायचं तर खालून दोघं ढकलायला आणि वरून दोघं ओढायला लागत. वर ओढणारे मग जाणाऱ्याला जागा करून देत, ट्रंक बाकाखाली सारत, समोरच्या माणसाला ‘आमच्या काकाकडे लक्ष ठेवजा’ म्हणून बजावत आणि इंजिननं कर्कश शिट्टी मारून गचका दिला की टणाटण उड्या मारून उतरत. गार्डही समजूतदार होता. शिट्टी तोंडात धरून तो रुख्मिणीबाईंकडे पाहत राहायचा. बाईंनी डोळ्यांवरचा पदर खाली घेतला, की हा शिट्टी फुंकायचा.

मग मीटरगेज गेली. मोठी लाईन टाकायची म्हणून रूळ उखडले आणि कितीतरी दिवस गाडीचं नावच नव्हतं. हॉल्टच्या मुरमावर लोकांनी हळद वाळवली. बाईंनी त्या काळात एसटीवर सोडायला जाऊन पाहिलं, पण कंडक्टरला या कामाची काही कदर नव्हती. रडणं कुठं रंगात येतं न येतं तोच तो डबल बेल द्यायचा.

मोठी लाईन झाली आणि पुन्हा पॅसेंजर थांबू लागली. रोज वाशीमला कामाला जाणारे चार लोक आणि कॉलेजची पोरंपोरी गाडीनं ये-जा करू लागली. त्याच सुमारास नवीन नावाचा एक तरुण रेल्वेकडून आला. कोणत्या हॉल्टला किती माणसं येतात हे पाहून कळवायचं, एवढंच त्याचं काम. तो लिंबाखाली बसला आणि गाडीच्या वेळी फलाटावर माणसं मोजू लागला. गाडीत चढणारी मोजायला हवी होती, हे त्याला कोणी सांगितलं नव्हतं, की त्यानं ऐकलं नव्हतं, देव जाणे. समोर मुंग्यांसारखी माणसं पाहून त्यानं बाईंना विचारलं, “आजी, रोज एवढी गर्दी असते?”

“हे काईच नाई बाप्पा,” बाई अभिमानानं म्हणाल्या. “रोजवाले धरले नाई तं आज एकच जन जाऊन राह्यला.”

नवीनला वाटलं, आजी थट्टेखोर आहेत. तो मनापासून हसला. काम संपवून तो निघाला तेव्हा त्यालाही शिदोरी मिळाली, सूचना मिळाल्या आणि अर्धं गाव रडलं. त्यानं काय लिहून दिलं ते कोणी पाहिलं नाही, पण वर्ष-दोन वर्षांत पांगरखोरीला उंच सिमेंटचा फलाट झाला, शेड झाली, बाकडी आली, नळ आला. फलाट तर इतका लांब केला, की गाडी संपली तरी तो संपत नव्हता. पाहुणे आले की रामराव त्यांना हा फलाट दाखवायला नेऊ लागले.

आणि एक दिवस गोविंदा तोंड पाडून आला. गोविंदा म्हणजे हॉल्टचा एजंट. तो रेल्वेचा नोकर नाही, गावचाच माणूस. खिडकीत बसून तिकिटं विकायची आणि त्याचं कमिशन घ्यायचं, असं त्याचं काम. त्याला वरून कळलं होतं, की एवढ्या मोठ्या हॉल्टवर तिकिटं मात्र नावालाच खपतात. दिवाळीनंतर पुन्हा पाहणार. तोवर खप वाढला नाही, तर गाडी पांगरखोरीला थांबणार नाही.

शेडखाली सगळे जमले. गोविंदानं सगळं सांगितलं.

“मानसं गाडीवर येतात, गाडीत जात नाईत,” गोविंदा म्हणाला. “सोडाले येनाऱ्याईचं तिकीट असतं तं आपला हॉल्ट अकोल्याच्या वर गेला असता.”

“हे सारं या रुखमीनं शिकवलं,” सुंदरबाई म्हणाली. “हिनं साऱ्या गावाले गाडीवर सोडलं. पर हे सोता कधी गाडीत बसली काय?”

खरंच की! रुख्मिणीबाई लग्न होऊन गावात आल्या, तेव्हापासून त्यांना गाडीत बसलेलं कोणी पाहिलंच नव्हतं. लेक रेणू वाशीमला दिलेली, हाकेच्या अंतरावर, ती बोलावून बोलावून थकली होती. सगळ्यांच्या माना वळल्या तशा बाई गडबडल्या.

“म्हैस हाये घरी,” त्या म्हणाल्या. “अन् मी गेली अन् त्याच दिवशी कोनी निंगालं तं? त्याले कोन सोडंल?”

“म्हशीचं मी पाहातो,” रामराव म्हणाले. “थे काई तुले सोडाले येनार नाई.”

लोक हसले. बाई हसल्या नाहीत. म्हैस ही सबब होती, आणि ते त्यांनाही माहीत होतं. बाई आयुष्यात एकदाच गाडीत बसल्या होत्या, लग्न होऊन येताना. आईवडील लहानपणीच गेलेले, मामानं वाढवलेलं. मामानं त्यांना वऱ्हाडासोबत डब्यात बसवलं आणि बैल उन्हात उभे आहेत म्हणून गाडी सुटायच्या आधीच तो परत फिरला. डब्यातल्या प्रत्येकासाठी खाली कोणीतरी उभं होतं. नवऱ्या मुलीच्या खिडकीखाली तेवढं कोणी नव्हतं. त्या दिवशी त्यांना फार एकटं वाटलं होतं, आणि ते एकटं वाटणं काही केल्या गेलं नाही. आपल्या गावातून कोणी असं जायचं नाही, हे त्यांनी तेव्हाच ठरवलं. स्वतः मात्र खिडकीशी बसायची त्यांना भीती वाटायची. आपण बाहेर पाहिलं आणि खाली कोणीच नसलं तर? ही गोष्ट त्यांनी रामरावांनाही कधी सांगितली नव्हती.

पण गाडी थांबायचीच बंद झाली, तर सोडायचं कोणाला आणि कुठं? बाईंनी पदर खोचला.

“जातो मी,” त्या म्हणाल्या. “रेणूकडे जातो. मंग तुमीबी एकेक जन निंगा.”

बाईंना गाडीवर सोडायचं म्हटल्यावर त्या दिवशी घरी कोण थांबणार? सकाळी गावातली आणि तांड्यावरची माणसं झाडून फलाटावर हजर. आजवर बाईंनी ज्याला ज्याला शिदोरी दिली, तो तो शिदोरी घेऊन आला होता. लाडवांचे डबेच इतके झाले, की ते ठेवायला वेगळी ट्रंक आणावी लागली. गोविंदानं बाईंचं तिकीट फाडलं, खिडकी उघडीच टाकली आणि ट्रंक स्वतःच्या डोक्यावर घेतली.

गाडी आली. बाईंना चढवलं. फलाट आता डब्याला टेकलेला, ढकलायची-ओढायची काही गरज नव्हती, पण सवय ती सवय. दोघांनी ढकललं, दोघांनी ओढलं आणि त्यांच्या मागून सगळं गाव आत शिरलं. कोणी बाईंसाठी खिडकी मोकळी करून घेतली, कोणी बाकडं पुसलं. सुंदरबाईनं समोरच्या माणसाला ‘आमच्या रुखमीकडे ध्यान ठेवजो’ म्हणून दम भरला. ज्यांना काही काम उरलं नाही, ते पंखा चालतो की नाही हे पाहत उभे राहिले.

तेवढ्यात बाईंचं लक्ष खिडकीबाहेर गेलं. गाडीच्या पार टोकाला शेजारच्या गावची एक मुलगी पाठीवर बॅग घेऊन एकटीच डब्यात चढत होती. तिला सोडायला कोणी म्हणजे कोणी नव्हतं.

“अवं माय!” बाई उठल्या. आत लोटणाऱ्या गर्दीतून वाट काढत त्या खाली उतरल्या आणि फलाटावरून पळत सुटल्या. गर्दी जागा करण्यात इतकी गढलेली होती, की हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. बाईंनी मुलीच्या खिडकीतून तिला हातातली शिदोरी दिली, हात बाहेर काढू नको म्हणाल्या आणि पदर डोळ्याला लावला.

पदर खाली घेतला तेव्हा गाडी चालू लागली होती.

या गाडीला नुकतंच विजेचं इंजिन लागलं होतं. जुनं इंजिन शिट्टी फुंकून गचका देऊन निघायचं, तेव्हा सोडायला आलेल्यांना उतरायची सूचना मिळायची. हे नवं इंजिन मांजरीच्या पावलानं निघालं. डब्यातल्या लोकांना गाडी सुटल्याचं कळलं, तेव्हा फलाट मागं राहिला होता. एकेका खिडकीच्या गजांमागं गावाची तोंडं दिसू लागली. जावा, शेजारणी, सरपंच, डोक्यावर ट्रंक घेतलेला गोविंदा. सगळे ओरडत होते, आणि बाई सवयीनं हात हलवत होत्या.

फलाटावर उरले दोघं, बाई आणि म्हशीपायी उशिरा पोचलेले रामराव.

“कोनाले सोडून राह्यली वं?” रामरावांनी विचारलं.

“गावाले,” बाई म्हणाल्या. आणि सगळं गाव एकदम गेलेलं पाहून त्यांना खरोखरच रडू कोसळलं.

वाशीमला तिकीट तपासनिसानं या घोळक्याला अडवलं. “तिकिटं?”

“आमी जाऊन नाई राह्यलो,” सुंदरबाई म्हणाली. “सोडाले आलो.”

“कोणाला?”

सगळ्यांनी मागं-पुढं पाहिलं. बाई नव्हत्याच. नुसती ट्रंक होती. तपासनिसानं असा दंड आजवर कोणाला लावला नसेल, पण लावला, आणि सगळ्यांत जास्त मान खाली गेली ती गोविंदाची. मग परतीची गाडी संध्याकाळी म्हणून सगळं गाव ट्रंक घेऊन रेणूच्या घरी गेलं. थोड्याच वेळात रेणूचा फोन आला.

“माय, तू कुठं हायेस? सारं गाव माह्या घरी आलं! गोविंदाभाऊ पलंगावर बसून लाडू खाऊन राह्यले. अन् तुहा पत्ता नाई!”

“मी इथंच हाव, फलाटावर.”

“काहून?”

“त्याईले सोडाले आल्ती,” बाई म्हणाल्या.

संध्याकाळी गाव तिकिटं काढून परत आलं. बाई फलाटावर उभ्याच होत्या. ज्यांना दंडाचा राग आला होता, त्यांनी हातातल्या पिशव्या मागं लपवल्या. दिवस रिकामा होता म्हणून वाशीमच्या बाजारात सगळ्यांनी भरपूर खरेदी केली होती. कोणी कुकरची रिंग आणली, कोणी साड्या, सुंदरबाईनं तर नवी कढई. बाईंनी त्या पिशव्यांकडे पाहिलं आणि त्यांना जे सुचलं, ते गावात आजवर कोणाला सुचलं नव्हतं.

“आजपासून,” त्या म्हणाल्या, “ज्याले कोनाले सोडाचं हाये, त्यानं तिकीट काढून वाशीमवरी सोडाचं. फुकटात सोडनं बंद.”

झालं! जाणारा एक आणि तिकिटं चाळीस. सोडायचं निमित्त, बाजाराचा बाजार. लोक इतक्या हौशीनं सोडायला लागले, की जाणाराच मिळेना. सुंदरबाई ओळख नसलेल्या माणसांनाही वाशीमपर्यंत सोडू लागली. गोविंदाची खिडकी सकाळी उघडली की गाडी सुटेपर्यंत त्याला मान वर करायची सोय राहिली नाही.

बाई तेवढ्या गेल्या नाहीत. “गाडी थांबाची बंद झाली तं वापस येऊन मी उतरू कुठं?” असं त्यांचं म्हणणं. पण दिवाळीनंतर गोविंदा धावतच आला. गाडी थांबणार होती, कायमची.

रामरावांनी बायकोकडे पाहिलं. “आता? म्हशीचं नाव काढू नोको.”

बाईंनी एकदा गोठ्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “जातो. पर त्या दिवशी कोनी तिकीट काढाचं नाई अन् कोनी गाडीत चढाचं नाई. सारे खाली उभे राहा. मले पाहाचं हाये.”

“काय पाहाचं हाये?” गोविंदानं विचारलं.

“तुमाले, आनखी काय!” बाई चिडून म्हणाल्या.

ठरल्या दिवशी कोणी ढकललं नाही, कोणी ओढलं नाही. बाई स्वतः चढल्या आणि खिडकीशी बसल्या. बसल्या, पण मान वर करेनात. मांडीवरच्या शिदोरीची गाठ सोडत बसल्या, पुन्हा बांधत बसल्या. मग सुंदरबाईनं बाहेरून ढावलोचा सूर लावला, तशी त्यांनी मान वर केली.

फलाटावर माणसंच माणसं होती. पिवळ्या पट्टीच्या मागं सगळे उभे होते. पुढं रामराव, आणि रामरावांच्या हातात दोरी. म्हैस आली होती.

गाडी आवाज न करता निघाली. आता सोडणाऱ्यांनी सूचना द्यायच्या आणि जाणारीनं हो म्हणायचं, अशी रीत. पण बाईंना हो म्हणायची सवयच नव्हती. त्यांनी खिडकीच्या गजाला तोंड लावलं आणि फलाटालाच ओरडून सांगितलं, “सांबाळून जाजा वं! उनात थांबू नोका! अनोळख्याचं काई खाऊ नोका! घरी पोचल्यावर फोन करजा!”

“हाव, हाव! करतो!” फलाटावरून अख्खं गाव म्हणालं.

नवीनच्या चुकीनं लांबलेला तो फलाट त्या दिवशी कामी आला. गाडी पुढं जात राहिली आणि माणसं दिसतच राहिली. एकही खिडकी अशी गेली नाही, जिच्याखाली कोणी नव्हतं.

वाशीमला रेणूनं चहा ठेवला. बाईंनी कप तोंडाला लावला, तोच फोन वाजला.

“पोचलो घरी,” रामराव म्हणाले. “म्हैसबी पोचली.”

मग गोविंदाचा आला. मग जावांचे, शेजारणींचे. तांडा गावाच्या पलीकडच्या अंगाला, फलाटापासून जरा लांब, म्हणून सुंदरबाईचा सगळ्यांत शेवटी. “पोचलो वं रुखमे.” बाई प्रत्येकाला ‘हाव, बरं झालं, जेवून घेजो’ म्हणत होत्या आणि चहा निवत चालला होता. शेवटचा फोन ठेवला आणि त्या मोकळ्या गळ्यानं रडायला लागल्या.

रेणू घाबरली. “माय, काहून रडून राह्यली? वाशीमले तं तू नुसता पदर लावते ना?”

“मी वाशीमसाठी थोडीच रडून राह्यली,” बाई नाक पुसत म्हणाल्या. “थे सारे पांगरखोरीले गेले ना वं.”